पिवळी रेघ

“विश्वनाथ, कुणाच्या पुढं पळायलास बाबा?”

निगडे महाराजांनी कीर्तन थांबवून हे विचारलं आणि बार्शीच्या भगवंत मंदिरातली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. एकादशीची संध्याकाळ होती. मी नेहमीसारखा टाळकऱ्यांच्या ओळीत पहिला उभा होतो. मृदंग संथ चालला होता आणि माझा टाळ त्याला मागं टाकून कुठल्या कुठं निघाला होता. पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“चुकलं महाराज,” मी म्हणालो.

“चुकलं नाही, घाई झाली. टाळ पुढं जायचा नसतो, सोबत जायचा असतो. उद्या काय परीक्षा-बिरीक्षा आहे का तुझी?”

हशा पिकला. महाराज गमतीनं बोलले होते. चाळिशीतल्या गॅरेजवाल्याची दुसऱ्या दिवशी खरोखरच परीक्षा आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? बायकांच्या बाजूला माझी बायको वैजयंता पदर तोंडाला लावून हसत होती. परीक्षा तिचीही होती. आणि माझा टाळ पळत होता तो तिच्याच पुढं.

या गोष्टीला आता दहा वर्षं होत आली.

माझं गॅरेज लातूर रस्त्याला. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, काहीही आणा. मी इंजिनावर लांब पेचकस टेकवायचो, त्याची मूठ कानाला लावायचो आणि दुखणं कुठं आहे ते सांगायचो. टाळमृदंगात वाढलेला कान होता तो, ठोका चुकला की त्याला टोचायचं. लोक मला ‘डमरे मिस्त्री’ म्हणायचे आणि मला ते आवडायचं. पण नव्या गाड्यांत तारांची जाळी आली, सेन्सर आले. त्या गाड्या कानाशी बोलेनात. गिऱ्हाईक शोरूमकडं वळायला लागलं.

त्या सुमारास गावातल्या एका कॉलेजात ‘वाहन देखभाल व दुरुस्ती’ हा पदविकेचा वर्ग निघाला. सामुदायिक महाविद्यालय म्हणून सरकारची योजना होती, तिच्यातला. वयाची अट नाही, बारावी पास पाहिजे. बारावी मी बाहेरून दिलेली होती. वर्ग रोज संध्याकाळी दोन तास, रविवारी दिवसभर. शिकवायला तांबोळी सर. त्यांची स्वतःची जीप वीस वर्षं माझ्याकडंच दुरुस्तीला यायची. प्रवेशाच्या दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “मिस्त्री, एक सांगतो. पहिल्या तुकडीत जो पहिला येईल त्याला कॉलेज वर्कशॉपमध्ये सहायक म्हणून घेणार आहे. मुलांना प्रात्यक्षिक शिकवायचं. माझ्या डोळ्यापुढं तुम्हीच आहात.”

त्या दिवसापासून ती खुर्ची माझी झाली. मनातल्या मनात मी तिच्यावर बसूनही आलो. आपल्याला लोक मिस्त्री म्हणतात ते बरंच आहे, पण ‘सर’ म्हणतील तेव्हा कसं वाटेल, हे मी गाडीखाली पडल्या पडल्या घोळवायचो.

एकच अडचण आली. तुकडीला वीस नावं पाहिजे होती आणि शेवटच्या दिवशी आकडा एकोणीसवर अडला. सर म्हणाले, “मिस्त्री, पाचच्या आत एक नाव आणा, नाहीतर तुकडी रद्द.”

मी घरी आलो आणि वैजयंतापुढं फॉर्म ठेवला.

“मला काय कळतंय त्यातलं?” ती म्हणाली.

“तुला काही करायचं नाही. नाव फक्त भर म्हणून. चार दिवस येऊन बसायचं, मग नाही आलीस तरी चालतंय.”

“बारावीचं मार्कलिस्ट लागंल का?”

“असलं तर दे.”

तिनं पेटीतनं काढून दिलं. बारावी सायन्स, एकाहत्तर टक्के. पंधरा वर्षं संसार केला, पण तो कागद मी पहिल्यांदाच बघितला. तेव्हाही मला काही वाटलं नाही. भर घालायला टक्के बघतं कोण?

महिनाभर ती शेवटच्या बाकावर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली. मग एके दिवशी सरांनी फळ्यावर टेम्पोच्या वायरिंगचा नकाशा काढला आणि विचारलं, “इथं तार तुटली तर काय होईल?” मी त्या रेघांकडं बघत राहिलो. कानाला लावायला तिथं काही नव्हतं. मागनं आवाज आला.

“सर, दिवे लागतील, पण हॉर्न वाजायचा नाही. दोन्हीची अर्थिंग वेगळी दाखवलीय ना.”

सरांनी वळून बघितलं आणि खडू तिच्यापुढं धरला. “या ताई. पुढं येऊन सांगा.”

ती पिशवी बाकावर ठेवून पुढं गेली. ती पिशवी नंतर तिनं वर्गात कधी आणली नाही.

पहिल्या सत्रात तिला एक्याऐंशी मिळाले, मला चौसष्ट. मी पेढे आणले. सगळ्या गल्लीत वाटले, सगळ्यांना सांगितलं, “आमच्या हिचा पहिला नंबर.” पेढा माझ्या तोंडातही घातला तिनं. तो गोड होता की कडू, मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की त्या दिवशी मी गॅरेजातला मल्टिमीटर, म्हणजे तारेतला करंट मोजायचं यंत्र, वरच्या फळीवर ठेवून दिला. तिचा हात तिथं पोचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं स्टूल घेतलं.

दुपारची जेवणं झाली की ती गॅरेजात यायला लागली. तिची रीतच वेगळी. तांबोळी सरांनी सांगितलं होतं की कुठलाही नट आवळला की त्याच्यावर रंगाची एक बारीक रेघ ओढायची. पुढं तो ढिला झाला तर रेघ मोडलेली दिसते. वर्गातलं कुणी ते करायचं नाही. हिनं मात्र नेलपॉलिशच्या रिकाम्या बाटलीत पिवळा ऑइलपेंट भरला. ती बाटली कमरेला, ब्रश झाकणालाच. नट आवळला की रेघ. स्क्रू आवळला की रेघ.

“नटाला हळदीकुंकू कशाला लावतीस?” मी सगळ्यांदेखत म्हणालो.

“सवाष्ण राहू द्या की तुमचा नट,” ती म्हणाली आणि पुढच्या नटाकडं वळली. गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो. हसावं लागलं.

पण खरा घाव घातला तो दगडू मोहोळकरानं. दगडू टेम्पोवाला, माझ्याकडं पोरवयापासून येणारा. एके दिवशी त्याचा टेम्पो दारात लागला आणि मी बॉनेट उघडायला गेलो, तर हा म्हणतो, “मिस्त्री, वहिनी नाहीत का?”

“का? माझ्याकडं काय वाईट आहे?”

“वाईट न्हाई ओ. मागल्या टायमाला वहिनींनी मीटर लावून धा मिनटात काढलं. तुम्ही आपलं कानाला लावून बसता.” मग माझं तोंड बघून घाईनं म्हणाला, “तुम्ही इंजिनाचे डाक्टर. त्या विजेच्या. घरात दोन डाक्टर. नशीब लागतंय मिस्त्री.”

“बोलवतो तिला,” मी म्हणालो. मग तिला हाक मारली.

मी रोज सकाळी भगवंताच्या पायरीवर डोकं ठेवणारा माणूस. खोटं बोलत नाही, कुणाचं वाईट चिंतत नाही, असं मला स्वतःबद्दल वाटायचं. त्या एकादशीला टाळ पळाला, त्याच्या आधी मी देवापुढं उभा होतो आणि मनात म्हणत होतो, देवा, तिचं वाईट होऊ देऊ नको. फक्त माझ्यापेक्षा चांगलं होऊ देऊ नको. एवढी जरा सोय बघ.

देवानं ऐकून घेतलं असावं. उत्तर काही दिलं नाही.

लेखी परीक्षेत ती माझ्यापुढं नऊ गुणांनी होती. राहिलं होतं ते प्रात्यक्षिक, शंभर गुणांचं. ते माझं राज्य होतं.

प्रात्यक्षिकाची तांबोळी सरांची एक पद्धत होती. ते म्हणायचे, दोष काढता येतो की नाही हे बघायचं असेल तर दोष टाकता येतो का तेही बघा. म्हणून हजेरीतल्या जोड्या पाडायच्या. जोडीतल्या एकानं वर्कशॉपच्या जीपमध्ये एक दोष टाकायचा. एकच, आणि काही न मोडता. तो चिठ्ठीवर लिहून पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवून सरांना द्यायचं. मग दुसऱ्यानं चाळीस मिनिटांत तो शोधून काढायचा. जितका लवकर तितके गुण जास्त. नंतर अदलाबदल. माझा रोल नंबर सात होता आणि वैजयंताचा आठ. दोन डमरे एकाखाली एक. जोडी सरकारनंच जुळवली होती.

सकाळी घरनं निघताना तिनं माझ्या हातावर दहीसाखर ठेवली.

“तुलाही घे की,” मी म्हणालो.

“घेतली. मघाशीच.” मग चप्पल घालता घालता म्हणाली, “अवघड टाका बरं का. सोपा टाकलात तर मी रुसंन.”

ती हसत होती. मला ते हसू आव्हानासारखं लागलं.

शेडमध्ये जुनी डिझेल जीप उभी होती. सोलापूरहून आलेले परीक्षक आणि तांबोळी सर बाहेर टेबलाशी बसले होते. दोष टाकणारा आत एकटा, वीस मिनिटं. मी पहिल्यांदा ठरवलेला दोष टाकला. डिझेल पंपाला वीज नेणारी जी तार असते, तिच्या टोकाला आत पारदर्शक टेपचा एक तुकडा चिकटवला आणि तार परत बसवली. दिसायला सगळं ठीक, पण वीज पोचणार नाही आणि गाडी सुरू होणार नाही. चांगला दोष होता. चिठ्ठी लिहिली, पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं.

आणि मग मला दिसलं की ती हा दोष काढणार. मीटर लावील, तार धरून चालत येईल, दहा-बारा मिनिटांत काढील. आणि खुर्ची गेली.

हातात पेचकस होताच. टाकीकडनं पंपाकडं जी रबरी नळी येते, तिच्यावर एक पत्र्याची पट्टी आवळलेली असते. मी ती पट्टी दोन वेढे ढिली केली. या नळीतनं डिझेल बाहेर गळत नाही. उलट नळी बाहेरची हवा आत ओढते. इंजिन सुरू होतं, दोन-तीन मिनिटं नीट चालतं, मग हेलकावे खातं आणि मरतं. मीटरला हे कळत नाही. भल्याभल्यांचा यात दिवस जातो. मी हे टिपायला दहा वर्षं घालवली होती.

पाकीट चिकटवलेलंच होतं. ते मी तसंच सरांच्या हातात दिलं.

“एकच ना मिस्त्री?” ते नेहमीच्या सवयीनं म्हणाले. प्रत्येकाला विचारत होते.

“एकच,” मी म्हणालो.

दोष टाकणाऱ्यानं शेडपासून लांब बसायचं होतं. मी चिंचेखाली बसलो. अकराव्या मिनिटाला इंजिन सुरू झालं. टेप सापडली होती. दोन मिनिटं ते छान चाललं, मग हुंदके द्यायला लागलं आणि बंद पडलं. परत सुरू, परत बंद. मला आनंद व्हायला पाहिजे होता. तो आवाज ऐकवेना म्हणून मी उठलो आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर गेलो. तिथं रामकृष्णहरी म्हणायचा प्रयत्न केला, पण मध्येच इंजिनाचा हुंदका आठवायचा आणि नाम तुटायचं. चहा तसाच टाकून परत आलो तेव्हा घंटा झाली होती आणि ती नळावर हात धूत होती.

“झालं?” मी विचारलं.

“झालं.”

“सापडला?”

तिनं हात झटकले. “एक लिहिलाय,” म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, दमली असेल, हरली असेल. मनाच्या तळाला काहीतरी गोड झालं आणि त्याच्यावर लगेच काहीतरी आंबट पसरलं.

मग ती माझ्यासाठी दोष टाकायला आत गेली. बरोबर वीस मिनिटांनी बाहेर आली आणि मी आत गेलो.

किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि मला ते लगेच ऐकू आलं. चार सिलिंडरचं इंजिन चार ठोक्यांत चालतं. इथं एक, दोन, मग पोकळी, मग चार. तिसरा ठोका गळत होता. पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली. इंधन येत होतं, पण आतली झडप पुरती मिटत नव्हती. तिसऱ्याचा टॅपेट, म्हणजे झडपेवर दाब देणारा स्क्रू, हिनं गच्च आवळला होता, फट ठेवलीच नव्हती. बाहेरनं दिसणारी कुठलीच खूण नाही. दीड मिनिटात मला दोष कळला. माझ्याशिवाय त्या वर्गात तो दीड दिवसातही कुणाला कळला नसता.

आता मला एकच काळजी होती. माझा स्वतःचा दोष अजून नळीवर होता. इंजिन आता हेलकावे खाईल, मरेल, परीक्षक उठून येतील. त्याच्या आत ती पट्टी आवळायला पाहिजे. मी वाट बघितली. दोन मिनिटं. चार. सहा. इंजिन मरेना.

मी वाकून हात आत घातला, नळी चाचपली. पट्टी गच्च होती. बोट काढून बघितलं तर बोटाच्या टोकाला पिवळा रंग. ओला.

बॅटरी मारली. पट्टीच्या स्क्रूवर, बारीक, सरळ, हात न थरथरता ओढलेली एक पिवळी रेघ होती.

मी तिथंच वाकलेला राहिलो. घाम आला होता तो मनगटानं, बोटानं, कशानं तरी पुसला. एक लिहिलाय, ती म्हणाली होती. सापडले दोन होते.

“काय मिस्त्री, झालं का?” तांबोळी सर परीक्षकांना घेऊन आत आले. मी ताठ झालो, टॅपेटचं झाकण काढलं, फट मोजून बसवली, इंजिन परत चालवलं. चारही ठोके ठाकठीक.

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. “सोळा मिनिटं. वा. आधीच्या बाईंना अडतीस लागली. पहिल्यांदा अकराव्या मिनिटाला गाडी सुरू झाली होती त्यांची, पण मग नुसत्याच चाचपडत बसल्या. शेवटी चालली म्हणा.” मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, “कपाळाला काय लागलंय तुमच्या? पिवळं?”

मी काही बोलायच्या आत तांबोळी सर हसून म्हणाले, “अहो, टाळकरी आहेत आमचे मिस्त्री. कीर्तनात उभे असतात. गंध असणार. काल एकादशी होती ना.”

माझा हात कपाळाकडं गेला. पंधरा वर्षं तिथं महाराजांनी स्वतःच्या बोटानं गंध लावलं होतं.

“सर,” मी म्हणालो, “गंध नाही. रंग आहे.”

“असू द्या. कागद भरून द्या.”

कागदावर तीन रकाने होते. सापडलेला दोष, कसा सापडला, काय उपाय केला. पहिल्या ओळीत टॅपेट लिहिला. तिथं सही करून कागद दिला असता तर पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं असतं. सोळा मिनिटं विरुद्ध अडतीस. खुर्ची माझ्यापासून एका सहीवर होती, आणि ते जाणणारी जी एकटी होती ती चिंचेखाली बसून डबा सोडत होती आणि कधीही बोलणार नव्हती.

दुसऱ्या ओळीत मी लिहिलं : ‘रबरी नळीची पट्टी ढिली. हा दोष रोल नंबर सातने रोल नंबर आठसाठी चिठ्ठीत न लिहिता टाकला होता. रोल नंबर आठने तो काढला व खूण केली. मी फक्त खूण बघितली.’ आणि खाली सही.

परीक्षकांनी वाचलं. परत वाचलं. “रोल नंबर सात कोण?”

“मीच.”

त्यांनी कागद तांबोळी सरांकडं सरकवला. सरांनी चष्मा काढून पुसला, लावला, वाचला. मग म्हणाले, “मी विचारलं होतं, मिस्त्री. एकच ना म्हणून.”

“होय सर.”

“वीस वर्षं माझी गाडी तुमच्याकडं देऊन मी बिनघोर घरी जात होतो.”

याच्यापुढं ते बोलले नाहीत. त्यांनी बोलायला पाहिजे होतं, असं मला अजून वाटतं. माझं प्रात्यक्षिक रद्द झालं. पुढच्या वर्षी परत बसायची मुभा मिळाली, तीही सरांनी शब्द टाकला म्हणून. वैजयंताची वेळ अकरा मिनिटं धरली. ती पहिली आली.

घरी जाताना मी एम-एटी चालवत होतो आणि ती मागं बसली होती. पोस्ट मागं पडलं. मागं बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, ते बरं असतं.

“तू का नाही लिहिलास दुसरा?” शेवटी मी विचारलं.

“लिहिला असता तर तुम्हाला काढून टाकलं असतं.”

“टाकलंच की.”

“ते तुम्ही टाकलंत. मी नाही.” मग म्हणाली, “मला तुम्हाला हरवायचं होतं. काढायचं नव्हतं. लई दिवसांपासनं हरवायचं होतं. तुमच्या कानाचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले. त्या दिवशी स्टूल घेऊन मीटर काढताना मी ठरवलं, आता या माणसाला हरवायचंच.”

माझ्या हातातली गाडी जरा हलली. पोटदुखी मला एकट्यालाच आहे, असं मी वर्षभर धरून चाललो होतो.

“मग सोपा का टाकलास? टॅपेट?”

“सोपा?” ती मागनं जवळजवळ ओरडली. “त्या वर्गात एक माणूस दाखवा, ज्याला तो ऐकू आला असता. तुमच्याजोगताच टाकला. मनात आलं होतं की तीन टाकावेत. नळीवर हात पडला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या, रागानं. सहा मिनिटं नुसती बसले तिथं. मग म्हटलं, आधी काढावं, मग रडावं.”

“आणि रेघ? ती कशाला ओढलीस?”

“आवळलं की रेघ ओढायची. सरांनी सांगितलंय.”

अकरा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ताट वाढायची, पण ठेवताना वाजवून ठेवायची. बाराव्या दिवशी ठेवताना वाजलं नाही. मी मान वर केली. ती म्हणाली, “भाकरी गार होईल.”

पुढची एकादशी आली तेव्हा मी टाळकऱ्यांच्या ओळीत शेवटी जाऊन उभा राहिलो. महाराज म्हणाले, “का रे, इकडं ये.” मी म्हणालो, “इथनं मृदंग बरा ऐकू येतो महाराज.” महाराजांनी मान हलवली. कीर्तन संपल्यावर गंध लावताना त्यांचं बोट माझ्या कपाळावर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिलं, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

जूनमध्ये नवी तुकडी भरली. पहिल्या दिवशी मला जायला उशीर झाला. शेडच्या दारात पोचलो तेव्हा हजेरी चालू होती. निळ्या कोटात, कमरेला ती नेलपॉलिशची बाटली, समोर हजेरीबुक. बाकांवर वीस-बावीस अनोळखी तोंडं.

“रोल नंबर पाच. डमरे विश्वनाथ.”

“हजर, मॅडम.”

पोरं वळून बघायला लागली. एकदोघांनी आडनाव जुळवून बघितलं असावं, कारण मागं खुसखुस झाली. ती हसली नाही. घड्याळाकडं बघितलं.

“सात मिनिटं उशीर. का?”

“मॅडम डबा घरी विसरून आल्या होत्या. परत जाऊन घेऊन आलो.” मी पुढं जाऊन डबा टेबलावर ठेवला.

आता मात्र सगळी शेड हसली. तिनं डबा उचलून खाली ठेवला, पेन घेतलं आणि माझ्या नावापुढं उशिराची फुली मारली. बारीक, सरळ, हात न थरथरता.

मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. पोटात एकदा दुखलं. मग तिनं खडू उचलला, आणि मी वही उघडली.